किलोत न मावलेलं मापटं

आमच्या आत्या, म्हणजे माझी सासू तानूबाई, चाळीस वर्षं उन्हाळा आला की डोक्यावर पाटी घेऊन राजारामपुरीत करवंदं विकायच्या. गिऱ्हाईक हाक मारायचं, "ए करवंदवाली!" नाव म्हणून कुणी विचारलं न्हाई. त्यामुळं घरगुती लोणची-मुरंब्यांचं दुकान चालवणाऱ्या स्वप्नालीताई जेव्हा म्हणाल्या, "आमच्या दुकानात तुमचा करवंदाचा मुरंबा ठेवू, बाटलीवर तुमचं नाव घालू," तेव्हा आत्या दोन दिवस भाकऱ्या थापता थापता हसत होत्या. अट एकच होती. कृती वजनात लिहून द्यायची, दुकानातल्या बायका तसाच मुरंबा करणार.

लिहायला मी, संघप्रिया, बी.कॉम. आत्या म्हणाल्या, "मापटंभर करवंदं, मापटंभर साखर." मापटं म्हणजे त्यांचं करवंदं मोजायचं पितळी भांडं. मी लिहिलं, किलोला किलो. त्यात काय एवढं?

आम्हा दोघींसमोर दुकानात केलेला मुरंबा पातळ झाला आणि इतका आंबट, की स्वप्नालीताईंनी एक डोळा गच्च मिटला.

"आजींना त्यांचंच माप ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "नावाचं राहू दे आता."

"व्हय बाई, माझंच चुकलं असंल," आत्या म्हणाल्या. घरी येऊन जेवल्याच नाहीत.

माझं डोकं सटकलं. किराणावाल्याकडून वजनकाटा मागून आणला आणि आत्यांना मापटं भरायला लावलं. करवंदं तीनशे साठ ग्रॅम. परत भरलं, तीनशे तीस. परत, तीनशे ऐंशी. आता गं बाई! काटा बिघडला म्हणून साखरेचा किलोचा पुडा ठेवून बघितला, तर बरोबर किलो. मग मीच बिघडले म्हणायचं.

"आत्या, शीग कशाला लावताय? सपाट भरा की!"

"सपाट? फळाचं माप सपाट देत्यात व्हय? गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊ?"

"आणि साखर?"

साखरेवरून त्यांनी तळहात फिरवला. सपाट. काट्यावर ठेवली तर चारशे तीस! करवंदं शिगेनं भरून कमी, साखर सपाट असून जास्त, आणि भांडं तेच. मी किती तरी वेळ त्या आकड्यांकडं येड्यागत बघत बसले. करवंदांच्या मधे पोकळी राहते, साखर ठासून बसते, हे लई उशिरा डोक्यात शिरलं. किलो करवंदाला जवळजवळ सव्वा किलो साखर पाहिजे होती.

"आत्या, चूक माझी हाय," मी म्हणाले.

"ठावं हाय."

"आं?"

"त्या बायकांनी साखर वतली तवाच दिसलं मला, कमी हाय."

"मग बोलला का न्हाई?"

"समद्यांसमोर काय बोलू? तू लिवलंवतंस न्हवं. शिकलेली सून हायस माझी."

मला रडू फुटलं आणि त्यांचा रागही आला. चाळीस वर्षांनी मिळणारं नाव असं सोडून द्यायचं असतं व्हय? मी तिथंच फोन लावला. आत्या हात ओढत होत्या, तरी स्वप्नालीताईंना घडाघडा सगळं सांगितलं. "कागदावरची चूक माझी. आत्यांचं माप बरोबर हाय. दुकानातल्या बायकांनाही सांगा."

मग स्वप्नालीताई म्हणाल्या, "बरं. नवीन मापानं करून बघतो. बाटलीवर पूर्ण नाव काय घालायचं?"

मी फोन आत्यांच्या कानाला लावला. त्यांनी आधी पदर सारखा केला.

"तानूबाई," त्या म्हणाल्या. मग आणखी मोठ्यानं, "तानूबाई भाऊसो कांबळे."