रुमालाखालचा हात

तुझी देवावर श्रद्धा आहे का, असं त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं तर मी उत्तर टाळलं असतं. नागपूरच्या वसतिगृहात राहून मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे रोज प्रार्थना व्हायची, पण ती रांगेत उभं राहून म्हणायची गोष्ट होती. खामगावला घरी बाबा रोज सकाळी बालाजीच्या तसबिरीपुढे डोळे मिटून बसत आणि मी दारातून बघत राही. आपले बाबा इतक्या शांतपणे नेमके कुणाशी बोलतात, हे मला कळत नसे, आणि विचारायचा धीरही होत नसे.

बाबा कापसाचे दलाल. लहानपणी देवी आल्या तेव्हा त्यांचा डावा डोळा गेला. पुढचं सारं आयुष्य त्यांनी उजव्या डोळ्यावर काढलं. एकदा गाडीतला कापूस उपसून बघताना वाळक्या बोंडाचं टोक त्या डोळ्यात घुसलं. घरगुती औषधं झाली, डोळा पिकला, आणि बरा झाला तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडलेलं होतं. उजेड आणि अंधार, एवढंच त्यांना कळू लागलं. वारलेल्या माणसाच्या बुबुळावरचा स्वच्छ पडदा काढून तिथे शिवता येतो, असं जिल्ह्यातल्याच एका धर्मादाय इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. जमलं तर दिसेल, नाही जमलं तर आहे तो उजेडही जाईल, हेही त्यांनी लपवलं नाही.

आई मी लहान असतानाच गेली. घरात बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. तिला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता.

"मेलेल्या मानसाच्या डोळ्यानं पाहशीन का रे भाऊ आता?"

"पाहाले भेटलं तं कोनाच्याही डोळ्यानं पाहीन," बाबा म्हणाले. "फक्त पट्टी सुटल्यावर पयलं तुयं तोंड नोको दाखवू."

आत्यासुद्धा हसली. मला हसू आलं नाही. मी बाबांच्या हातांकडे बघत होते. ते धोतराचा काठ सारखा चाचपत होते.

एका अनोळखी बाईनं मरणापूर्वी आपले डोळे देऊन ठेवले होते. ती वारली आणि तातडीनं बाबांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं, डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, बोलणं होईल तितकं टाळायचं. पण आमच्या घरात सांगितलेली गोष्ट तेवढीच राहत नाही. शस्त्रक्रियेला नेण्याआधी आत्यानं बालाजीपुढचं फूल बाबांच्या हातात ठेवून त्यांच्याकडून शब्द घेतला होता की पट्टी सुटेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. बालाजीला दिलेला शब्द बाबांनी कधी मोडलेला नाही. मला हे भलतंच वाटलं, पण मी गप्प राहिले. बोलण्यापेक्षा गप्प राहणं मला नेहमीच सोपं जातं.

मग ते दिवस सुरू झाले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, गळ्यापर्यंत चादर. नळीच्या भांड्यातून पेज पाजायची. शेजारी कुणी शिंकलं तरी मी चटकन बाबांच्या कपाळावर हात ठेवायची. दचकून त्यांनी मान हलवली तर? मी स्टुलावर बसून त्यांच्या छातीचं वरखाली होणं बघत राही. भीती अशी बसल्या जागी इतका वेळ पुरते, हे मला तिथेच कळलं.

त्या दुपारी आत्या पेज करायला इस्पितळामागच्या चुलींकडे गेली होती. चादरीखाली बाबांचा हात हलताना दिसला. मी तो हातात घेतला. त्यांनी माझा तळवा उघडला, त्यावरून अंगठा जोरानं ओढला आणि मनगट दाबलं. पुन्हा तसंच. पुन्हा. मी विचारलं, दुखतंय का? पाणी हवंय? आत्याला बोलावू? प्रत्येक प्रश्नावर ते हात सोडवून घेत आणि पुन्हा माझा तळवा शोधत. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. कपाळावर घाम आला होता. श्वास जोरात चालू लागला आणि एक हात पट्टीच्या दिशेनं उचलला गेला. मी तो कसाबसा धरून खाली आणला.

नर्सबाई आल्या. "गोंधळलेत. दोन्ही डोळे बांधले की होतं असं," त्या म्हणाल्या आणि हात खाटेला बांधायला कापडी पट्ट्या आणायला गेल्या. मला दिसत होतं की हात बांधले तर बाबा झटापट करतील, डोकं हलेल, टाके तुटतील. नर्सबाईंना थांबवायला हवं होतं, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी कुठली प्रार्थना केली नाही, मला ती सुचलीही नाही. बाबांचा हात दोन्ही हातांत धरून मनात एवढंच म्हणाले, मला काही कळत नाही, आता तूच बघ. कुणाला म्हणाले, तेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

इतक्यात एक म्हातारे गृहस्थ खाटेपाशी येऊन उभे राहिले. पांढरी दाढी, गोल टोपी, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. मागाहून कळलं, ते रोहिणखेडहून भावाला भेटायला आले होते. भावाला सकाळीच दुसऱ्या खोलीत हलवलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चुकल्या खाटेपाशी आलोय हे लक्षात येऊन ते वळणार, तेवढ्यात त्यांची नजर आमच्या हातांवर पडली.

"बेटी, हे कापसाच्या बाजारातले हायेत का?"

मी मान डोलावली.

"मंग जरा सरक. मी पन त्याच बाजारातला."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल बाबांच्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला. कापसाच्या बाजारात भाव असा ठरतो, हे मी ऐकून होते. भोवतालच्यांना कळू नये म्हणून दोघांचे हात रुमालाखाली असतात आणि बोटंच बोलतात. बाबांचा हात त्या हातात गेला आणि एकदम शांत झाला. मग रुमाल जरासा हलला. म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठी पडली.

"माल ओला हाय म्हनून राह्यले. थांबा, ओला हाय." त्यांनी पट्टीकडे पाहिलं. "बेटी, डॉक्टरले बोलाव. आत पानी हाय. पळ!"

मी पळाले. इस्पितळाच्या त्या लांब ओसरीवर मी मोठ्यानं हाक मारत पळाले. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

डॉक्टरांनी पट्टी उकलली तेव्हा आतला कापूस भिजलेला होता. एक टाका सैल होऊन डोळ्यातलं पाणी झिरपत होतं. बाबांना लगेच आत नेलं. दार बंद झालं आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "संध्याकाळी पट्टी बदलेपर्यंत तसंच राहिलं असतं, तर..." एवढंच बोलून ते हात पुसू लागले. आत्या पेजेचं भांडं धरून तशीच उभी होती. "मीच त्याच्या तोंडाले कुलूप घातलं वं माय," म्हणत ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ते गृहस्थ भावाच्या खोलीकडे गेले असतील म्हणून मी शोधायला गेले, पण भावाला घरी सोडल्यामुळे दोघेही गावाकडे निघून गेले होते. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

भीती त्यानंतरही गेली नाही. पट्टी सुटायच्या दिवशी मी दोन्ही हात ओढणीखाली एकमेकांत घट्ट धरून उभी होते. डॉक्टरांनी शेवटचा पदर काढला. बाबांनी पापणी हळूच उचलली, मिटली, पुन्हा उचलली. मग धूसर का होईना, दिसू लागलं. ते थेट माझ्याकडे बघत म्हणाले, "रडून काऊन राह्यली वं?" आत्या तेव्हा खरोखरच दाराआड लपलेली होती.

पुढे घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, एवढा प्रसंग आला तरी बोलला का नाहीत?

"शब्द देला होता ना. अन् हात तं मोकळाच होता."

"पण मला ती बोली कुठे येत होती, बाबा?"

"म्हनून तं त्यानं त्या रुमालवाल्याले पाठवलं," ते म्हणाले आणि तसबिरीकडे बघून हसले.

यावर वाद घालावा असं मला वाटत नाही. चुकल्या खाटेपाशी माणूस कुणीही येऊ शकतो. पण ज्या बाईचा पडदा बाबांच्या डोळ्यावर आहे आणि ज्यांचा रुमाल त्या दुपारी त्यांच्या हातावर होता, त्या दोघांची आठवण झाल्याशिवाय आता माझा दिवस उजाडत नाही. हल्ली सकाळी मी दारात उभी राहत नाही, बाबांशेजारी जाऊन बसते. बोलायला अजूनही काही सुचत नाही. मग मी ओढणीच्या पदराखाली तळवा उघडा ठेवून डोळे मिटून घेते. समोरचा हात दिसत नाही. तरी मी माझा हात मागे घेत नाही.