घड्याळातला सेल

शेखसर वाचायला बसण्याआधी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून ठेवत. मग पंखा बंद, फ्रिज बंद, दारावरच्या बेलची तार सुटी. ऐन मे महिन्यात, विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांत, घामाने भिजलेले सर अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. आधी पानाचा आकडा, मग मजकूर. "ज्याचं काम नाही त्याची तार काढून ठेवावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं होतं, आणि तेव्हाही बडबड करणाऱ्याला ते असंच, आवाज न चढवता, वर्गाबाहेर काढत.

निवृत्तीनंतरची बारा वर्षं या वाचनात गेली. मुलांकडे धडे जात ते त्या-त्या वर्षापुरते; जपून ठेवलेलं सगळं एका जुन्या डेस्कटॉपमध्ये. तो सुरू होईपर्यंत सरांचा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. मीच म्हणालो, सर, एसएसडी बसवू, नवी वेगवान डिस्क. विंडोज नव्या डिस्कवर जाईल, तुमचं रेकॉर्डिंग जुन्या डिस्कवर आहे तसंच राहील.

मी डेस्कटॉपचा डबा उघडला तेव्हा ते शेजारी उभे होते. जुन्या डिस्कचं आत्ता काही काम आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

"मग तिची तार काढ."

"सर, वीस वर्षं हेच करतोय मी," असं म्हणून मी हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. एक तार काढायला कितीसा वेळ लागतो? सगळ्याची कॉपी काढायला एक संध्याकाळ लागली असती, तीही मला जड झाली. पडद्यावर दोन डिस्कची नावं आली, मी फोनवर ऑफिसात कुणाशी तरी बोलत होतो, आणि चुकीची डिस्क पुसली. वर विंडोजही तिच्यावरच चढवलं. पुढे खटपट करून जे परत मिळालं त्यात एकही धडा पुरा नव्हता.

"किती गेलं?" सरांनी विचारलं.

"सगळं."

मी माफी मागायला लागलो. "त्यात माझा वेळ जातोय," ते म्हणाले. "नवी डिस्क नीट बसव आणि जा." काम संपवून मी दाराबाहेर चपला घालत होतो, तेव्हा आतून आवाज आला, "इयत्ता पाचवी. पान एक." त्यांना तेव्हा सत्तरावं लागलं होतं.

तीन वर्षांनी सर गेले. नववीच्या पुस्तकाच्या चौऱ्याऐंशीव्या पानापर्यंत पोचले होते. लोक म्हणतात, केवढी जिद्द. माझ्या आळसाची शिक्षा त्यांनी भोगली आणि हे तिला जिद्द म्हणतात.

त्यांच्या मुलीने डेस्कटॉप माझ्या हवाली केला. पुढच्या पानापासून मी वाचायला बसलो आणि दोन धडे मुलांना पाठवले. नववीतल्या एका मुलीचा निरोप आला: "वाचन ठीक आहे. पण तुम्ही पानाचा आकडा सांगत नाही. सर सांगायचे. वर्गात बाई पान सांगतात, ते आम्ही शोधायचं कसं?"

पुन्हा तीच घाई. स्वतःचा संताप आला. मग दोन्ही धडे पुसले, या वेळी नाव दोनदा वाचून. पंखा बंद केला, घड्याळातला सेल काढला.

"पान पंच्याऐंशी."