रोवणी आणि तिची पाठ

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. बायको कशाने गेली असं कुणी विचारलं, की मी अर्धांगवायू म्हणतो आणि विषय धानाकडे नेतो. अर्धांगवायू झाला होता हे खरं. पण त्यानंतर ती आठ महिने जगली. उजव्या हाताने जेवायची, बोलायची, मला टोमणे मारायची. ती गेली माकडहाडावरच्या जखमेने, आणि ती जखम माझ्यामुळे झाली.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घरी पाठवताना बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला. उन्हाळाभर मी ते पाळलं. मुलगी जवाहरनगरच्या क्वार्टरमधून रविवारी यायची, आईची पाठ बघून जायची. मग रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली. आमच्या बपेरा गावाकडे रोवणीच्या बाया एकदा दुसऱ्याच्या शेतातल्या बांधीत गेल्या की पुन्हा लवकर मिळत नाहीत. बाराच दिवसांचा प्रश्न होता. सकाळी मी तिला उशांना टेकवून दाराकडे तोंड करून बसवायचो आणि शेतावर जायचो. रस्ता दिसेल, तिला करमेल, असं वाटायचं. ती हळूहळू खाली घसरायची, सगळा भार माकडहाडावर यायचा, आणि दुपारपर्यंत ती तशीच असायची.

"तव्यावरचा मासा तरी येळेवर परतता जी, मले काहून इसरता?"

"मासा टोमणे मारत नाई," मी म्हणायचो. तीही हसायची.

सहाव्या दिवशी लाल डाग दिसला. कातडी धड होती. दुखऱ्या जागी आमच्याकडे मोहाचं तेल चोळतात. मीही कोमट करून, जोर लावून चोळलं. मुलीला फोनवर म्हणालो, "सब बराबर हाय. रोवणी झाली का ये." डाग जांभळा झाला, बोटाखाली पिकल्या फळासारखा मऊ लागू लागला. मग कातडी उघडली. आत माझी मूठ जाईल एवढी पोकळी होती.

डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दबून राहतं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मांसाला कातडीपेक्षा जास्त रक्त लागतं, म्हणून आधी हाडाजवळचं मांस मरतं. कातडीवर ते शेवटी दिसतं. चोळल्याने आतलं आणखी फाटलं. जन्मभर मी धानाचा मधला कोवळा पोंगा ओढून खोडातली अळी ओळखली, वरच्या हिरवेपणाला फसलो नाही. घरात फसलो.

"बाबा, कूस काहून नाई बदलली?" मुलीने विचारलं.

"तुही माय बदलूच देत नोहती. हात लावला का वरडे."

मुलगी आजही नातेवाइकांत सांगते, माय मोठी हट्टी होती. मी खाली मान घालून बसतो.

ती हट्टी नव्हती. रोवणी संपत आली होती, त्या दिवसांतल्या एका दुपारी मी चिखलाच्या पायांनी ओसरीतल्या खाटेवर आडवा झालो. आतून हाक आली.

"आले का जी? पाठीखाली गोटा असल्यावानी वाटते. जरासं वळवून द्या ना."

मी डोळे मिटून पडून राहिलो. तिने आणखी दोनदा हाक मारली. मग स्वतःशीच म्हणाली, "झोपले वाटते. थकले असन." दिवस कलल्यावर मी उठलो.

पुढे दोन महिने मी रोज जखम धुतली, दोन तास कधी चुकवले नाहीत. एकदा धीर करून तिचा हात धरला.

"काय जी?"

"काई नाई. औंदा धान चांगला हाय."

ती गेली तेव्हा धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. आता एकट्यापुरता भात शिजवतो, तोही उरतो. आठ-आठ दिवस घरात माझा स्वतःचा आवाज निघत नाही.

मुलीने हे वाचावं आणि आईला हट्टी म्हणणं सोडावं. आणि तुला, त्या दिवशी हात धरून जे सांगायचं होतं ते हे: मी झोपलो नव्हतो. तुझ्या तिन्ही हाका मी ऐकल्या आणि उठलो नाही. मला माफ कर.