सगळ्यात हळू हात

रेटकाकू कुठलाही कपडा आधी उलटा करायच्या. दुकानात, घरात, लग्नातसुद्धा. दर्पण कॉलनीत आमच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं. नवरीच्या मावशीचा कुर्ता काकूंच्या नजरेत भरला. दुसरी बाई असती तर "छान आहे हो" म्हणून पुढे गेली असती. काकूंनी भर मांडवात त्या मावशीच्या बाहीची कड परतवली, आतली शिवण बोटाने चाचपली आणि विचारलं, "कितीला पडला?" तिने आकडा सांगितला. काकूंनी बाही सरळ केली, वरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चला, जेवून घ्या, पंगत बसलीय." मी शरमेने अर्धी झाले होते. परत येताना ऑटोत मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "फसली बिचारी. पण लग्नात कशाला सांगायचं तिला?"

या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या काकू. आमचं घराणं दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेलं. घरात एकेकाळी तलवारी होत्या म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला दिसल्या त्या फक्त कात्र्या. दौलतगंजात भांड्यांच्या एका दुकानाच्या वर काकूंचा शिलाईचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन रांगांत मशिनी, एक कापायचं टेबल आणि खिडकीशी इस्त्री. तिथे कुर्त्या शिवल्या जायच्या आणि दुकानदारांकडे जायच्या. कुठल्या कुर्तीचा काय रेट, हे ठरवायचं काम एकट्या काकूंचं. म्हणून कारखान्यातल्या बायका त्यांना रेटवाली काकूजी म्हणायच्या आणि घरात आम्ही रेटकाकू. मी फोन आणि ईमेल सांभाळायला म्हणून तिथे जाऊ लागले आणि तिथलीच झाले.

"भाव समोरून नाही काढायचा, मागून काढायचा," असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. समोरून बघितलं की कपड्याचा रंग दिसतो आणि डोकं बिघडतं, असं त्यांचं मत. नवीन नमुना आला की त्या तो उलटा करून टेबलावर पसरायच्या. अस्तर किती, शिवणीत कापड किती दबलं, काज कुठे, तुरपाई हाताची की मशिनीची, हे सगळं बोट फिरवत फिरवत पाहायच्या. सुती कापड असलं तर त्याला आधी पाणी दाखवायचं, गच्चीवर वाळवायचं, मग मापायचं. "हे आटतं, मंजू. दुकानदार नाही आटत, आपण आटतो," म्हणायच्या. मला या सगळ्याचा भारी कंटाळा यायचा. गिऱ्हाईक फोनवर ताटकळत असायचं आणि आमचं कापड गच्चीवर ऊन खात असायचं.

रेट त्या एकदाच सांगायच्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, दाल बाज़ारात एका आडत्याकडे कामाला होते, तिथली ही सवय काकूंनी उचलली असावी. आकडा सांगायचा, तांब्यातलं पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं. समोरचा माणूस कुरकुरायचा, हसायचा, रागवायचा, "काकूजी, कुछ तो देखिए" म्हणायचा. काकू खिडकीबाहेर बघत राहायच्या. ती शांतता माझ्याने सहन व्हायची नाही. मीच घाबरून "पाच-दहा कमी करू या ना" म्हणायची. मग त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मी उठून चहा सांगायला जायची.

पण आमचं खरं भांडण होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्याकडे मजुरी पिसावर. जितक्या कुर्त्या शिवाल, तितके पैसे. मग एका कुर्तीची शिलाई किती धरायची, ते कसं ठरवायचं? दुसरीकडे सगळे काय करतात, तर सगळ्यात जलद हाताच्या बाईला बसवतात, ती किती वेळात शिवते ते बघतात आणि तो रेट सगळ्यांना लावतात. काकू बरोबर उलटं करायच्या. नमुना शिवायला त्या सगळ्यात हळू हाताला बसवायच्या. तो हात होता शांताचा. शांता दोरा ओवायलाच इतका वेळ लावायची की बघणाऱ्याला डुलकी यावी. ती शिवायची, काकू शेजारी बसायच्या, आणि शांताला दिवसाची पुरती मजुरी सुटेल असा रेट काढायच्या. "जलद हातवाली तर कमावतेच. हळू हाताचा दिवस सुटला पाहिजे," हे त्यांचं म्हणणं. यापायी आमचा रेट सगळ्यांपेक्षा चढा यायचा आणि ऑर्डरी हातच्या जायच्या. "काकू, आपण धर्मशाळा काढलीय का?" मी एकदा चिडून विचारलं. "धर्मशाळेत फुकट असतं. इथे ती शिवते," त्या म्हणाल्या आणि शांताने शिवलेला पीस उलटा करून माझ्यासमोर टाकला. शिवण सरळ होती.

काकू स्वतःही शिवायच्या. खिडकीजवळची पहिली मशीन त्यांची. मालकीण असून इतर बायकांसारखी पिसावर मजुरी लावून घ्यायच्या. मग एका थंडीत त्यांना लकव्याचा हलका झटका येऊन गेला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजवा हात पहिल्यासारखा राहिला नाही. कापड मशिनीखाली सरकवताना बोटं मध्येच थांबायची, जणू कुणी हाक मारलीय. तरी त्या रोज मशिनीवर बसायच्या. आम्ही सगळ्या बघत होतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. लग्नसराई संपली होती, बाहेर गरम वाऱ्याची लू चालू होती आणि अर्ध्या मशिनींवर चादरी पडल्या होत्या. दिल्लीचे एक साहेब दिवाळीच्या कुर्त्यांची ऑर्डर घेऊन आले. त्यांची पुष्कळ दुकानं होती. ही ऑर्डर मिळाली तर दिवाळीपर्यंत सगळ्या मशिनी चालणार होत्या. नाही मिळाली तर काकू बायकांना दुसरीकडे काम बघा म्हणून सांगणार होत्या. तसं त्यांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. साहेबांनी अट घातली की कापड-अस्तरासकट कुर्ती तीनशेच्या आत बसली पाहिजे, वर एक रुपया नाही. आणि आमची शिलाई त्यांना फार वाटत होती. "इतना टाइम लगता ही नहीं. मेरे सामने सिलवाइए," ते म्हणाले आणि प्लास्टिकच्या खुर्चीत पाय पसरून बसले.

शांता लेकीच्या बाळंतपणाला डबरा गावी गेली होती. मी मनात म्हटलं, देव पावला. शांतानंतर हळू हात परवीनचा, आणि परवीनच्या हाताने रेट तीनशेच्या आत बसत होता. काठावर, पण बसत होता. मी घाईने म्हटलं, "परवीन, तू बस."

काकूंनी हात वर केला. "परवीन माझ्यापेक्षा हळू आहे का?"

परवीनने मान खाली घातली. मी म्हटलं, "काकू, तुम्ही कशाला परेशान होता, तुमची गोष्ट वेगळी आहे." त्या म्हणाल्या, "वेगळी कशी? मी मजुरी घेत नाही का?" आणि कापलेलं कापड उचलून आपल्या मशिनीवर जाऊन बसल्या.

काकू शिवत होत्या. खांदा जोडला. बाही लावताना हात थांबला, त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पुन्हा पायडल दाबलं. साहेबांनी एकदा घड्याळ पाहिलं, मग फोन, मग पुन्हा घड्याळ. चहा आला, निवला. मी मनातल्या मनात हिशेब करत होते. अस्तर लावेपर्यंत रेट तीनशेच्या पार गेला होता. मला वाटत होतं, जाऊन त्यांच्या हातातलं कापड ओढून घ्यावं. बायका आपापल्या मशिनीवर खोटंच काही तरी करत होत्या. सगळ्यांचा जीव त्या एका सुईखाली अडकला होता.

शेवटी काकूंनी दोरा तोडला. कुर्ती घेऊन टेबलाशी आल्या, नेहमीसारखी उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. खांद्यापासून काखेपर्यंत, काखेपासून कडेपर्यंत. मग कुर्ती गोळा करून काखोटीला मारली.

"ये पीस पास नहीं है," त्या साहेबांना म्हणाल्या. "सिलाई टेढ़ी है. जिसका पीस पास न हो, उसका हाथ मैं नहीं गिनती." आणि मागे न बघता म्हणाल्या, "परवीन, तू बस आता."

परवीन बसली. तिचा पीस झाला, तो उलटा करून पाहिला, पास झाला. काकूंनी रेट काढला, एकदा सांगितला आणि पाणी प्यायल्या. तीनशेच्या आत होता. साहेबांनी बराच वेळ कुरकुर केली, मग होकार दिला. बायकांच्या चेहऱ्यावर रंग आला. मला तर रडू येईल असं वाटलं, इतकी मी सुटले होते. काकूंनी मात्र आपली पिशवी घेतली. ती कुर्ती पिशवीत कोंबत म्हणाल्या, "ही वाया गेली. पोछ्याला होईल." जाताना त्यांनी आपल्या मशिनीवर चादर टाकली.

ती चादर त्यांनी पुन्हा काढली नाही. त्या यायच्या, टेबलाशी बसून पीस तपासायच्या, पण शिवायला बसल्या नाहीत. शांता परत आली तेव्हा त्या रेटमध्ये तिचा दिवस पुरता सुटत नव्हता. काकूंनी तिला त्या हंगामापुरतं दोरे कापायला आणि बटणं लावायला रोजावर बसवलं. तिच्याशी बोलताना त्या तिच्याकडे बघायच्या नाहीत. ते त्यांना डाचत होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. दिवाळीनंतर जिना चढणं होईना, मग येणं थांबलं. थंडी वाढली आणि पौषात त्या गेल्या.

तेराव्यानंतर आम्ही त्यांचं कपाट आवरायला घेतलं. साड्यांच्या खाली ती कुर्ती होती. पोछ्याला गेली नव्हती. इस्त्री करून, नीट घडी घालून ठेवली होती. आता मलाही सवय लागलेली, मी ती उलटी केली. खांद्यापासून काखेपर्यंत बोट फिरवलं, काखेपासून कडेपर्यंत फिरवलं. मग उजेडात नेऊन पुन्हा पाहिली. शिवण सरळ होती. कुठेही टाका चुकलेला नव्हता. पीस पास होता.

मला आधी राग आला. रडू नंतर आलं. एवढ्या वर्षांत त्या बाईने कुणाच्या पिसाला खोटं नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं तर स्वतःच्या. मला एकदा म्हणाल्या असत्या तर मी त्या साहेबांशी भांडले असते. पण मी भांडले नसते, मीच परवीनला बस म्हटलं होतं, आणि काकूंना ते ऐकू आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कुर्ती कारखान्यात नेली आणि परवीनला दाखवली. तिने हातसुद्धा लावला नाही. "मुझे तो उसी दिन पता था, भाभी," ती म्हणाली. "मैं बगल में ही बैठी थी. काकूजी ने ऐसे देखा कि मैं चुप रही." मग ती डोळे पुसत आपल्या मशिनीवर गेली.

यंदा दिल्लीचे साहेब पुन्हा आले. तीच कुर्ती, तीच खुर्ची. "रेट वही रहेगा ना?" म्हणाले. मी शांताला बसवलं. कापड मशिनीखाली सरकत होतं आणि रेट तीनशेच्या पार जाताना मला समोर दिसत होता. शांताने दोरा तोडला. मी रेट काढला, एकदा सांगितला आणि पाणी प्यायले. साहेब पुष्कळ बोलले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बघतो म्हणून ते उठून गेले. त्यांचा फोन अजून आलेला नाही.

ते जिना उतरल्यावर शांता माझ्याजवळ आली. "भाभी, मैंने बहुत देर कर दी क्या?"

मी कुर्ती उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. सरळ होती. मी तिला तसं सांगितलं.