कूलर की गाडी

बॅटरीवर चालणारी गाडी घेतली तेव्हा ह्यांनी तिचे जे लाड केले, ते आमच्या घरात कुणाच्या वाट्याला आले नव्हते. संध्याकाळी ऑफिसातून आले की आधी वायर लावायची, मग बूट काढायचे. सकाळी पडद्यावर शंभर टक्के दिसल्याशिवाय गाडी हलायची नाही. गाडी ताब्यात देताना शोरूमच्या मुलीने समजावून सांगितलं होतं, रोजच्या फिरण्याला ऐंशी टक्के पुरे, शंभर फक्त लांबच्या प्रवासाला. ह्यांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आपण घरच्या माणसाले पाऊण पोट जेवू घालतो का?"

अशी काठोकाठ भरलेली गाडी मग रामदासपेठेत ऑफिसासमोर दिवसभर उन्हात उभी राहायची. सावलीतली जागा मिळावी म्हणून कुणी नागपुरात सकाळी लवकर निघत असेल, हे त्यातले नव्हते.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की शंभर टक्क्यांवर गाडी जेवढे किलोमीटर दाखवायची, तेवढे आता दाखवत नाही. मी तसं म्हटलं. हे दुखावले. आधी चाकातली हवा कमी असेल म्हणाले, मग उड्डाणपुलाचा चढ. शेवटी माझ्याकडे एकदा आपादमस्तक बघून गप्प बसले, तेव्हा मीही विषय सोडला.

त्याच मे महिन्यात सासूबाईंच्या माहेरी, पांढुर्ण्याला, साखरपुडा होता. सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो. हे म्हणाले, जाणं-येणं एका चार्जिंगमध्ये आरामात होतं. जाताना झालंही. येताना दुपारी दोनला निघालो. बाहेर ऊन असं की काचेला हात लावला तर पोळावा. एसी पूर्ण जोरात, पोटात साखरपुड्याचं जेवण. थोड्या वेळाने ह्यांनी एसीचा पंखा एकने कमी केला. मग दोनने. मग "बाहेरची हवा बरी असते" म्हणून बंदच केला आणि काचा उघडल्या. ती हवा चुलीतून यावी तशी आत आली.

"काहून गा, एसी बिघडला का?" मागून आईंनी विचारलं.

"नाही आई, ताजी हवा घेऊन राहिलो."

"मले नको ताजी हवा," आई म्हणाल्या.

सावनेर जवळ आलं तेव्हा पडद्यावर नऊ टक्के होते आणि नागपूर अजून बरंच लांब होतं. सावनेरच्या अलीकडे एका ढाब्यावर चार्जिंगचं यंत्र आहे असं ह्यांच्या फोनवर दिसत होतं. ते होतंही. त्यावर पोतं टाकलेलं होतं आणि पोत्यावर कुत्रं झोपलं होतं. ढाबेवाला म्हणाला, बंद आहे साहेब, परवापासून.

सावनेरमध्ये आमचं हक्काचं एक घर होतं हे तिघांनाही माहीत होतं. ते आईंच्या धाकट्या जावेचं, म्हणजे आमच्या काकूंचं. आणि आई व काकू एकमेकींशी बोलत नव्हत्या.

किती वर्षं बोलत नव्हत्या ते मला नक्की सांगता येणार नाही, पण माझ्या लग्नाच्या आल्बममध्येही त्या दोघी दोन टोकांना उभ्या आहेत. भांडण सरगुंड्यांवरून झालेलं. काडीवर वळून वाळवलेले गव्हाचे सरगुंडे काकूंनी एका उन्हाळ्यात सगळ्या कुटुंबाला रसाबरोबर वाढले आणि आई म्हणाल्या, "ज्याले दात नाहीत त्याले बरे आहेत." बस. एवढंच.

"काकाजींकडे एक तासभर लावू," हे हळूच म्हणाले.

"तुम्ही लावा," आई म्हणाल्या. "मी गाडीत बसते."

पण त्या उन्हात बंद गाडीत दोन मिनिटंही बसवेना. काकूंनी दार उघडलं तेव्हा आई पदराने वारा घेत पायरीवर उभ्या होत्या.

काकूंनी मला आत ओढलं. "बाप्पा, केवढ्या उन्हात आल्या वं! या, बसा. आणि बाकीच्यांनाही म्हणा, बसा."

बाकीचे म्हणजे आई. आईंनी मला सांगितलं, "म्हणा, बसतो."

काकाजींना गाडी बघून फार आनंद झाला. अंगणात बोअरच्या मोटरसाठी मोठं सॉकेट होतं, तिथे वायर लावली. गाडीचा दिवा हिरवा झाला आणि ह्यांच्या जिवात जीव आला. इकडे काकूंनी पाहुणे आले म्हणून बैठकीतला कूलर लावला. खट्ट! कूलर बंद, पंखा बंद, गाडीचा दिवा बंद.

काकाजींनी मीटरजवळचा पडलेला खटका वर केला. "वायरिंग जुनं आहे," ते म्हणाले. "मोटर लावली की आम्ही कूलर बंद ठेवतो. दोन्ही नाही चालत."

म्हणजे आता एक तर कूलर, नाहीतर गाडी. हे काकुळतीने काकाजींकडे बघू लागले. काकाजी भले माणूस. त्यांनी मधला मार्ग काढला: थोडा वेळ गाडी, मग थोडा वेळ कूलर. गाडीची पाळी आली की आम्ही सगळे पंख्याखाली घामाने निथळत बसायचो. कूलरची पाळी आली की सगळ्यांचे डोळे मिटायचे आणि हे एकटे अंगणात जाऊन गाडीकडे बघत उभे राहायचे.

मधे पन्हं झालं. आई मला म्हणाल्या, "पन्हं चांगलं आहे म्हणा." मी म्हटलं. काकू मला म्हणाल्या, "विचारा, साखर कमी तर नाही?" मी विचारलं. त्या दोघींच्या मधे बसून माझी मान दुखायला लागली.

साडेचारच्या सुमाराला, गाडीची पाळी चालू असताना, काकूंना उकाडा असह्य झाला. त्या उठल्या आणि सरळ कूलरचं बटण दाबलं. खट्ट! सगळं बंद. अंगणातून ह्यांचं "अरे अरे" ऐकू आलं. काकाजींनी खटका वर केला. काकूंनी बटण बंद केलंच नव्हतं, त्यामुळे तो पुन्हा पडला.

"बंद कर न वं तो कूलर!" आई कडाडल्या. "आम्हाले घरी जाऊ देतं का नाही?"

काकू बटणावर बोट ठेवून तशाच उभ्या राहिल्या आणि हळूहळू वळल्या.

"बोलली," त्या काकाजींना म्हणाल्या. "ऐकलं का? इतक्या वर्षांनी बोलली, आणि काय बोलली, तर कूलर बंद कर! माहा कूलर, माह्या घरात!"

"मंग? सांगू नको तर काय करू? पोरगा बाहेर तळमळून राहिला."

"पोरगा तळमळते ते दिसते. मी तेव्हा चार दिवस जेवली नाही, ते नाही दिसलं!"

"कधी?"

"कधी म्हणे! सरगुंड्यांच्या वेळी."

"ते मी चांगल्यासाठी म्हटलं होतं. मामंजींचे दात पडले होते, त्यांना खाता आले असं म्हटलं."

"झूठ!"

ह्यांनी दारातून डोकं आत घातलं, परिस्थिती बघितली आणि परत गाडीकडे गेले. काकाजी मला खुणेने स्वयंपाकघरात घेऊन गेले. तिथून आम्ही ऐकत बसलो. सरगुंड्यांवरून त्या दोघी एका पितळी परातीवर गेल्या, परातीवरून कुणाच्या तरी बारशावर, आणि मग आवाज खाली आला. कुणीतरी रडत होतं. कोण, ते भिंतीआडून कळलं नाही. नंतर दोघींचेही डोळे लाल दिसले.

थोड्या वेळाने काकू आत आल्या, डबा काढला आणि पाणी उकळायला ठेवलं. डब्यात सरगुंडे होते. काकाजींनी आंबे पिळायला घेतले.

पानं वाढली. आईंनी पहिला घास तोंडात घातला. आम्ही तिघं त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. आईंनी सावकाश चावलं, गिळलं.

"आंबा गोड आहे," त्या म्हणाल्या.

"आंबा झाडाले लागते," काकू म्हणाल्या. "तो मी नाही बनवला."

आईंनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "अजून वाढ. सरगुंडे वाढ, रस आहे अजून." काकूंनी इतके वाढले की वाटीतला रस दिसेनासा झाला.

सहा वाजता हे आत आले. तीस टक्के झाले, घरी जायला पुरे आहेत, निघू या, म्हणाले. शंभर होण्याआधी वायर काढायला निघालेला हा माणूस मी प्रथमच बघत होते. बहुधा काकाजींचा खटका आणखी एकदा पडलेला त्यांना सोसवला नसता.

"पूर्ण नाही भरली न?" आईंनी विचारलं. "मंग घाई कायची?"

शेवटी आम्ही दोघंच निघालो. आई काकूंकडे आठ दिवस राहिल्या. त्यांना आणायला हेच पुन्हा गेले, पण भल्या सकाळी आणि एसी न लावता.

पुढे गाडी तपासायला नेली. तिथल्या माणसाने सांगितलं की वयोमानाने बॅटरी थोडी उतरतेच, पण रोज गच्च भरून उन्हात उभी केली तर जरा लवकर उतरते. हल्ली हे ऐंशीला वायर काढतात आणि ऑफिसजवळ कडुलिंबाखाली जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधी निघतात. ऐंशी झाले की फोन टुणटुण वाजतो. हे जेवत असले तर उष्ट्या हातानेच खाली धावतात, आणि ताटावर माश्या बसू नयेत म्हणून मी झाकण ठेवते.