दत्ता घाबरला नव्हता

दत्ता गेल्याचं मला भिगवणच्या एका जुन्या खेळाडूनं फोनवर सांगितलं. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. पुढच्या आठवड्यात बारामतीत शोकसभा झाली. एक वक्ता म्हणाला, चढाईपटू गुणी, पण ऐन वेळी घाबरायचा. नाहीतर राज्याच्या कबड्डी संघात गेला असता. लगेच त्यानं माझं, म्हणजे दत्ताच्या प्रशिक्षकाचं, कौतुक केलं आणि मला शाल पांघरली. अंगावर चिखल थापल्यासारखं वाटलं... तरी मी ती काढली नाही, उठून बोललोही नाही. म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे सामन्याआधी पोरं पेटवायची पद्धत होती. म्हणजे थोबाडीत मारायची, आईबापावरून बोलायचं, डोळे लाल झाले की मैदानात सोडायचं. मी त्यात नावाजलेला. एखाद्या ढिल्या पोराला त्याचा उपयोग व्हायचाही. पण सगळ्यांना एकच औषध, हा माझा अडाणीपणा. कोऱ्हाळे बुद्रुकचा दत्ता सामन्याआधी कडेला गप्प बसायचा. चढाईला गेला की समोरच्यांच्या पायांवर नजर ठेवून निवांत फिरायचा आणि गडी टिपून परत यायचा. त्याचं ते शांत असणं मला आळस वाटायचं.

इंदापूरच्या अंतिम सामन्याला निवड समिती आली होती. दत्ता तसाच बसलेला. मी त्याला दंड धरून उठवलं, सगळ्यांदेखत दोन थोबाडीत दिल्या आणि म्हणालो, "बाप मरत हुता तवाबी असाच बसला हुतास न्हवं?" वडिलांनी, त्याच्या आण्णांनी, समोर प्राण सोडला आणि आपल्याला काहीच करता आलं नाही, हे त्यानं फक्त मला विश्वासानं सांगितलं होतं.

पहिल्याच चढाईत तो आंधळ्यासारखा घुसला आणि मैदानाबाहेर गेला. पुढच्या चढाईत मध्येच दम तुटला. सामना गेला, निवडही गेली. काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, घाबरलं पोरगं. ते एक वाक्य आयुष्यभर त्याच्या मागं फिरलं. काटेवाडीला त्याच्या लग्नात पंगतीतून कुणीतरी ओरडलं, नवरदेव, आज तरी घाबरू नका. मीही त्या पंगतीत होतो... आणि हसलो होतो. त्या हसण्याची आज किळस येते.

पुढं तो इंदापूरजवळच्या एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवायला लागला. गेल्या वर्षी घरी आला. चहा संपल्यावर म्हणाला, "सर, त्या दिवशी मला रेष दिसतच न्हवती, आण्णाच दिसत हुते. मी घाबरलो न्हवतो. तुमाला म्हाईत हाय. एकदा चारचौघांत सांगा की." मी म्हणालो, बघू. पन्नाशी ओलांडलेला तो माणूस मान हलवून निघून गेला.

मागच्या आठवड्यात मी त्याच्या शाळेतल्या मुलींचा सामना बघायला गेलो. खेळ सुरू व्हायच्या आधी त्या लिंबाखाली बसल्या होत्या. तिथंच उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. कर्णधार मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "सर असताना का न्हाय सांगितलं?"

ती उठून उभी राहिली.

"आता जरा तिकडं लांब उभं ऱ्हावा आबा," ती म्हणाली. "सामन्याआधी आमच्यापाशी कुणी बोलायचं न्हाय, असं सरांनी सांगून ठेवलंय."

मी जाऊन कुंपणापाशी उभा राहिलो.