मालाकीने मागितलेलं छप्पर

माझ्या बहिणीचा नवरा मालाकी म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या सगळ्या हट्टी माणसांचा म्होरक्या. जन्मभर दुधाची गाडी चालवली आणि दूध गोळा करता करता घरोघरच्या भानगडीत नाक खुपसलं. म्हातारपणी भानगडी पुरेनात, म्हणून मठाच्या मागे लागला.

आमच्या गावचा मठ मध्ययुगातला. छप्पर कधीच कोसळलेलं, उरल्या होत्या नुसत्या भिंती. त्या भिंतींच्या आत आम्ही पिढ्यान् पिढ्या आमची माणसं पुरत आलो. माझे आईवडील तिथं आहेत. माझी बहीण डेलिया तिथं आहे, आणि तिच्या शेजारची जागा मालाकीची. ती जागा तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा. पण शेजारच्या गावच्या मठावर नवं छप्पर चढलं आणि याच्या पोटात दुखायला लागलं. "आपला मठ काय उकिरडा आहे?" म्हणत त्याने पाद्र्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचं डोकं खाल्लं. शेवटी त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून की काय, त्यांनी छप्पर दिलं.

काम चालू असताना आत कुणाला सोडत नव्हते. परवा रविवारी मठ उघडला आणि आम्ही दोघं बघायला गेलो. मालाकीने मयतीला घालायचा कोट चढवला होता. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी उभी होती.

"पाहुण्यांनी दोरीच्या अलीकडून चालायचं हं," ती म्हणाली.

"पाहुणा कोण?" मालाकी माझ्याकडे वळला. "तू आहेस का गं, उना?"

"गप चाल," मी म्हटलं.

आतून मठ सुंदर झाला होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वर ओकच्या नव्या कोऱ्या तुळया, भिंतींना पांढराशुभ्र चुना. थडग्यांभोवतीचं गवत जाऊन फरशी आली होती. आमच्या आईच्या थडग्यापाशी मी वाकून डेझीची फुलं वेचायचे, तिथं आता पाय घसरत होता. मालाकी सरळ दोरी ओलांडून डेलियाच्या शेजारी, आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

मुलगी धावत आली. "अहो, तिथं नाही उभं राहायचं!"

"उभा कुठे राहतोय? आडवं व्हायच्या आधी बायकोशेजारची जागा बघून घेतोय."

ती हसली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "इथं आता कुणाला पुरत नाहीत. उघड्यावर होतं तोवर ही दफनभूमी होती. छप्पर आलं, आता ही इमारत झाली."

मालाकीचा चेहरा पडला. "हे मला आधी का नाही कुणी सांगितलं?"

"गावच्या बैठकीत सांगितलं होतं म्हणे."

सांगितलं असेलही. बैठकीत हा दुसऱ्या कुणाचं ऐकून घेईल तर ना!

"पत्नीला बाहेर हलवता येईल," मुलगी बिचारी घाबरत म्हणाली. "टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत दोघांना शेजारी जागा मिळेल."

ती गेली आणि मी भडकले. "झालं समाधान? छपराची हौस तुझी! आता हलव तिला आणि सुखाने पड शेजारी."

"नाही हलवायचं."

"मग काय टेकडीवर एकटा पडणार आहेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तो वर तुळयांकडे बघत राहिला. "आमच्या घरी जिन्यात बादली असायची ना," तो म्हणाला. "पाऊस लागला की रात्रभर टपटप. डेलिया जन्मभर सांगत राहिली, मालाकी, छपराचं बघ जरा. मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. आता कुठे तिच्या डोक्यावर धड छप्पर आलंय, उना. इथून तिला बाहेर काढू?"